फेणीच्या चवीला शब्द हवेत

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशन मिळाले, 2016 मध्ये शासनाने तिला राज्याचे वारसा-पेय ठरविले, आणि तरीही तिची चव विचारली तर ‘कडक आहे’ आणि ‘वास मारते’ यापलीकडे गोमंतकीयाची मजल जात नाही. मानकुराद आणि मुसरादमधला भेद घटकाभर रंगवून सांगणारी हीच जीभ येथे मुकी का व्हावी?

बीअरचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, इंग्रज पत्रकार) यांनी 1977 साली जगातील बीअरची प्रकारवार ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. त्याच दशकात मॉर्टन मायलगार्ड या रसायनतज्ज्ञाने तिच्या गंधांचे व चवींचे चक्र मांडले. बव्हेरियातील गव्हाच्या बीअरचा केळ्या-लवंगेचा गंध यीस्टमुळे येतो, स्टाउटची कॉफीसारखी कडसर चव भाजलेल्या जवाची असते, हे सामान्य ग्राहकही बोलू लागला. दोषांनाही नावे मिळाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की बीअर शिळी, असे म्हणून पेला परत करता येऊ लागला. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हेच.

फेणीत बाहेरचे स्पिरिट मिसळल्याची तक्रार जुनी आहे. नाकाला झोंबते, पण बोंडाचा मागमूस नाही, एवढे ज्याला सांगता येत नाही त्याच्या गळी काहीही उतरविता येते. आणि कोळंबीत बोंडे तुडवून, रस आंबवून, मातीच्या वा तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करणाऱ्याचा कष्टाचा माल त्या भेसळीच्याच भावाने विकला जातो. वास्तविक शब्द भट्टीवर आहेतच. हुर्राकाचा पिकल्या बोंडाचा गोडसर दर्प, फेणीचा उग्र व रेंगाळणारा गंध, आच जास्त झाल्यावर येणारा करपटपणा, माडाच्या फेणीचा निराळाच बाज, हे सारे तेथील वृद्ध बिनचूक ओळखतात. बाटली हलवून वर येणाऱ्या फेसावरून तीव्रता सांगणारेही आहेत.

अबकारी खात्याने हा शब्दसंग्रह कोकणी-मराठीत नोंदवून घ्यावा. त्यासाठी नेमावयाच्या समितीत हॉटेलमालकांपेक्षा सत्तरी, पेडणे, केपे येथील भट्टीवाल्यांना आधी बसवावे, आणि बैठका मार्चपूर्वी घ्याव्यात. बोंडे पडू लागली की त्यांना फुरसत नसते.