मनाची दुखापत आणि संघाचे कर्तव्य

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषक स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने समोर ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले आणि त्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचा वाटा होता नाबाद १२७ धावांचा. तीनच दिवसांनी, २ नोव्हेंबर रोजी, दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. या विजयाचे कौतुक देशभर झाले व ते योग्यच होते. परंतु उपांत्य सामन्यानंतर वार्ताहरांपुढे जेमिमाने जे सांगितले, त्याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. स्पर्धेच्या प्रारंभी आपण तीव्र चिंतेने ग्रासलो होतो, आईशी दूरध्वनीवर बोलताना रडत होतो, मन बधिर झाल्यासारखे वाटत होते, असे तिने मोकळेपणाने सांगितले. अरुंधती रेड्डी रोज विचारपूस करीत राहिली, सांगलीची स्मृती मानधना सरावाच्या वेळी नुसती जवळ येऊन उभी राहिली, राधा यादवने साथ दिली, हेही तिने कृतज्ञतेने नमूद केले.

या कथनातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तिने ज्यांचे आभार मानले ती घरची माणसे व मैत्रिणी होत्या. कोणत्याही नियमाचे किंवा व्यवस्थेचे नाव त्यात नव्हते. मैत्रिणी चांगल्या निघाल्या हे जेमिमाचे भाग्य. पण ज्या खेळाडूला अशा मैत्रिणी लाभल्या नसतील, जो प्रथमच जिल्ह्याबाहेर पडून संघात आला असेल व ज्याची भाषाही इतरांहून निराळी असेल, त्याने काय करावे? एखाद्याचे आरोग्य सोबत्यांच्या भलेपणावर अवलंबून ठेवणे याला व्यवस्था म्हणत नाहीत.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. सामन्यापूर्वी छातीत होणारी धडधड म्हणजे आजार नव्हे. ती तर परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. परंतु ही धडधड आठवडेच्या आठवडे टिकते, झोप व भूक हिरावून घेते, प्रवासाचा वा गर्दीचा विचार मनात येताच शरीर जागच्या जागी थिजते, तेव्हा तो स्वभावदोष राहत नाही. तो विकार होतो आणि विकारास उपचार लागतात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवितो. निदान करण्याचा अधिकार त्याचा नाही, निवड समितीचाही नाही. परंतु विकार लपविण्यास माणसाला कोणते हिशेब भाग पाडतात, हा प्रश्न निश्चितपणे अर्थशास्त्राचा आहे.

हे हिशेब फार गुंतागुंतीचे नाहीत. २०२१ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देशांतर्गत सामन्यांचे जे मानधन जाहीर केले, त्यानुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या नवोदित रणजीपटूस दिवसाला ४० हजार रुपये मिळावयाचे होते. चार दिवसांच्या साखळी सामन्याचे एक लाख साठ हजार झाले. राखीव खेळाडूस याच्या निम्मे. जो संघातच नाही त्याला काहीच नाही. म्हणजे ‘माझे मन ठिकाणावर नाही’ हे एक वाक्य उच्चारण्याची किंमत एका सामन्यामागे एक लाख साठ हजार रुपये, आणि शिवाय पुढच्या निवडीच्या वेळी कपाळावर बसणारा शिक्का! या परिस्थितीत कोणताही शहाणा मुलगा गप्प राहील. गुडघा सुजला तर तो दिसतो, त्याचे क्षकिरण चित्र काढता येते. मनाची सूज दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दलची माहिती फक्त ज्याची त्याला असते. ती उघड करणाऱ्याला दंड आणि लपविणाऱ्याला बक्षीस, अशी रचना जेथे असेल तेथे माहिती लपविलीच जाणार. दोष त्या मुलाच्या धैर्याचा नसून रचनेचा आहे.

परदेशांतील दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कॉथिक २००६ साली भारताचा दौरा अर्ध्यावर टाकून बडोद्याहून मायदेशी परतला. खरे कारण तेव्हा बाहेर आले नाही. २००८ साली आत्मचरित्रात त्याने आपल्या चिंतेची व नैराश्याची हकीकत सविस्तर लिहिली. घरापासून दूरचे दौरे त्याला अशक्य झाले होते, फलंदाजी नव्हे. म्हणूनच सॉमरसेट या आपल्या परगण्याच्या संघाकडून तो पुढे २०१९ पर्यंत खेळत राहिला. आजारी मनुष्य निरुपयोगी झालेला नसतो, त्याच्याकडून काम घेण्याची रीत तेवढी बदलावी लागते, हे त्यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अपयशाचे आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये २०१२ साली ह्यूस्टनच्या संघाने रॉइस व्हाइट या तरुणाची सोळाव्या क्रमांकावर निवड केली. त्याला चिंताविकार होता व विमानप्रवासाची भीती वाटत असे, आणि त्याने ते लपविले नव्हते. काही सामन्यांना रस्त्याने जाण्याची मुभा त्याला मिळाली. तथापि आपण खेळण्यास योग्य आहोत की नाही हे संघचालकांनी न ठरविता स्वतंत्र वैद्याने ठरवावे, या त्याच्या मागणीवरून तंटा झाला. ह्यूस्टनकडून साखळीतील एकही सामना तो खेळला नाही; २०१४ साली दुसऱ्या एका संघाकडून अवघे तीन सामने खेळून त्याची तेथील कारकीर्द संपली. ज्या स्पर्धेत संघ आठवड्यात अनेक शहरे पालथी घालतो, तेथे विमान टाळणे किती काळ शक्य होते, हा प्रश्न संघचालकांच्या बाजूने रास्त आहे. सवलतीला मर्यादा असतेच. पण ती मर्यादा कोणी आखावी? ज्याचा पैसा गुंतला आहे त्याने की ज्याला वैद्यकशास्त्र कळते त्याने? व्हाइटचा हा प्रश्नही तितकाच रास्त होता.

वऱ्हाडाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शरीर कमाविण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. बदल झाला आहे तो इतकाच की, खेळ आता उपजीविका झाला आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी स्पर्धा जिंकली. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा यांची नावे येथील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहेत. जो क्रिकेट खेळत नाही, तो कबड्डी, कुस्ती वा मुष्टियुद्धाच्या प्रमाणपत्रावर शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांकडे डोळे लावून असतो. दोन एकर कोरडवाहू कपाशी असलेल्या घराने मुलाच्या खुराकासाठी व बुटांसाठी कर्ज काढलेले असते. निवड चाचणीच्या सकाळी त्या मुलाच्या खांद्यावर केवळ स्वतःचे नव्हे, तर साऱ्या घराचे ओझे असते.

आपल्याकडील जिनिंग कारखान्याचा मालक हंगाम संपला की यंत्रे खोलतो, झिजलेले भाग बदलतो आणि त्या खर्चाला तोटा म्हणत नाही. हिशेबात त्याला देखभाल-दुरुस्ती असे नाव आहे. यंत्राला जी सोय आपण बिनतक्रार देतो, ती दहा-दहा वर्षे खपून तयार झालेल्या खेळाडूला नाकारतो आणि त्या नकारालाच कणखरपणाचे शिक्षण समजतो!

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सवलत ठेवली की तिचा गैरवापर होणार. होईल, थोडा होईल. वैद्यकीय रजेचाही होतो. म्हणून कोणत्या कचेरीने वैद्यकीय रजा रद्द केली आहे? गैरवापर रोखण्याचा मार्ग तपासणी हा आहे, बंदी हा नव्हे. दुसरा आक्षेप समतेचा: एकाला सवलत म्हणजे इतरांवर अन्याय. परंतु ताप आलेल्यास विश्रांती दिल्याने धडधाकट माणसावर अन्याय होत नाही. खेळाचे नियम सर्वांना एकच असावेत, हे निर्विवाद. प्रवास, निवास, वार्ताहर परिषद, सरावाची वेळ या गोष्टी मात्र खेळाचे नियम नव्हेत. त्यांत फेरफार केल्याने धावफलकावर एकही धाव वाढत नाही.

कायद्याची दिशाही हीच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने वाजवी सोयीचे तत्त्व मान्य केले व गंभीर मानसिक आजाराचा त्यात समावेश केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजार समान लेखण्यास सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका मनोरुग्ण अधिकाऱ्याच्या प्रकरणात, आजारामुळे घडलेल्या वर्तनासाठी सरसकट शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव ठरू शकतो, असे मानले. बंदूक हाती देणाऱ्या दलाला जे तत्त्व लागू होते, ते चेंडू हाती देणाऱ्या संघाला जड जाऊ नये. अर्थात चिंतेने त्रस्त असलेल्या प्रत्येकास हे कायदे लागू होतीलच असे नाही. म्हणून संघांनी व महाविद्यालयांनी स्वतःचे नियम लेखी करणे आवश्यक ठरते.

‘आपल्या भागातले लोक असल्या गोष्टी बोलत नाहीत’ ही सबब मात्र पुढे करू नये. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे सुरू केल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. याच मातीतली, शेतकऱ्यांच्या घरांतली ही माणसे होती. विचारणारे कोणी भेटले तेव्हा ती बोलली.

करावयाचे ते थोडकेच आहे. वैद्याने मानसिक विश्रांती सांगितलेल्या खेळाडूस राखीव खेळाडू मानून निम्मे मानधन द्यावे. नवोदिताच्या बाबतीत एका साखळी सामन्याचा हा खर्च ८० हजार रुपये होतो व ज्या मंडळांची मिळकत कोटींत आहे त्यांना तो परवडतो. समुपदेशक निवड समितीला उत्तरदायी नसावा व त्याची नोंदवही प्रशिक्षकाच्या हाती पडू नये. जिल्हा व विद्यापीठ पातळीवरील निवड चाचणीस, प्रमाणपत्र असल्यास, दुसरी तारीख द्यावी. आणि २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवावा. त्यास तर चुन्याएवढाच खर्च आहे.

विश्वचषकासारखे प्रसंग नित्य येत नाहीत. अकोल्याच्या वा अचलपूरच्या एखाद्या मैदानावरून एक मुलगा काही न बोलता निघून जातो, पुन्हा येत नाही आणि ‘त्याच्यात दम नव्हता’ असे म्हणून आपण हजेरीपटावरील त्याचे नाव खोडतो, असे मात्र नित्य घडू शकते. ते नाव खोडण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन एकदा विचारणे, हे प्रत्येक प्रशिक्षकाचे व क्रीडाशिक्षकाचे नियमाने ठरलेले काम असले पाहिजे.