नकाराचा कौल

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलात स्वराज्य पक्षाने केलेल्या अडवणुकीची थट्टा करणे फार सोपे झाले आहे. ‘मोडले पुष्कळ; उभारले काय?’ असा प्रश्न टाकला की टीकाकाराचे काम संपते. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

मोडले ते काय होते, हे आधी पाहावे. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे सोपविली. तिजोरी आणि पोलीस मात्र गव्हर्नराच्या हाती राहिले. म्हणजे स्वयंपाक एकाने करावा आणि कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असावी! १९२० साली काँग्रेसने बहिष्कार घातला, तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. म्हणून चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या पक्षाने आत शिरून ही द्विदल राज्यपद्धती बंद पाडण्याचे ठरविले, आणि तसे उघड सांगूनच १९२३ साली मते मागितली. नागपूर-वऱ्हाडच्या मतदारांनी त्यांना स्पष्ट बहुमत दिले. डॉ. मुंजे यांनी मंत्रिपदाचे आमंत्रण नाकारले. १९२४ च्या मार्चात अंदाजपत्रक फेटाळले गेले. मंत्र्यांचा वार्षिक पगार दोन रुपये ठरला. मंत्र्यांना पद सोडावे लागले आणि त्यांची खाती गव्हर्नरास स्वतःकडे घ्यावी लागली. सुधारणांच्या मखरात खरा धनी कोण बसला आहे, हे सर्वांस दिसले. याला वांझ उद्योग म्हणावयाचे काय?

दोष आहे, पण तो अन्यत्र. ऑक्टोबर १९२५ मध्ये याच पक्षाचे आणि याच कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. त्यांच्या पात्रतेविषयी आमचा वाद नाही. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा आधार त्या धोरणास देता येत असे. केळकर, जयकर, मुंजे यांनी तो घेतलाही. परंतु या मंडळींनी १९२६ च्या निवडणुकीत नव्या धोरणाचे निशाण उघड लावून मतदारांपुढे जाणे पत्करले. तांबे यांनी पद आधी घेतले. धोरण बदलणे हे पाप नव्हे. नकारासाठी मिळालेले मत होकारासाठी खर्च करणे, हे मात्र दुसऱ्याची ठेव मोडून खाणे होय.

देवापुढे एका गोष्टीसाठी कौल लावावा आणि बाहेर येऊन त्याच कौलावर दुसरेच कार्य उरकावे, हे आपल्या देवळांत कोणी खपवून घेत नाही. मतदाराचा कौल तेवढा हलका का मानावा?