कॅप्शनमधली चूक पकडायची कोणी?

'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं.' यंत्राने आपोआप लिहिलेल्या व्हिडिओ-कॅप्शनची बाजू घेणाऱ्यांचं हे ठरलेलं उत्तर. मंडळाचे कार्यकर्ते ते देतात, कॉलेजातले प्राध्यापकही देतात. हेतूवर माझा आक्षेप नाही. यूट्यूबने 2009 साली इंग्रजीसाठी अशी कॅप्शन आणली, तेव्हा ती घडवणाऱ्यांत केन हॅरेनस्टीन हा स्वतः कर्णबधिर असलेला अभियंता होता. आक्षेप आहे तो या 'काहीतरी'ला.

कॅप्शनमधली चूक ज्याला ऐकू येतं त्यालाच पकडता येते, आणि त्याला तर कॅप्शनची गरजच नसते. ज्याला गरज आहे त्याच्यापुढे चुकीचा शब्द बरोबर शब्दाच्याच थाटात येऊन बसतो. यंत्राला एखादा शब्द नीट कळला नाही, तर ते सहसा जागा मोकळी सोडत नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून जो शोभेल तो भरून टाकतं. त्यामुळे चुकीचं वाक्यही वाचायला झकास लागतं. काहीच नसतं, तर माणूस शेजाऱ्याकडे जाऊन 'काय म्हणाले रे?' असं विचारून आला असता. आता तो विचारत नाही, कारण आपल्याला कळलं आहे अशी त्याची खात्री असते.

मुंबईतल्या आमच्या घोडपदेवात ही नुसती तात्त्विक चर्चा नाही. इथे चाळींचा पुनर्विकास म्हणजे सभा, आणि सभा म्हणजे तिचा व्हिडिओ. पंखे घरघरतात, एका माइकवर चौघे बोलतात, बिल्डरचा माणूस एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी कालवतो, आणि त्याला उत्तर देणारे आजोबा साताऱ्याच्या नाहीतर मालवणच्या बोलीत सुनावतात. यंत्र बहुधा एकच भाषा धरून बसलेलं असतं. त्यात 'साडेतीनशे फूट'मधलं 'साडे' गळलं, एकोणनव्वदचं एकोणऐंशी झालं किंवा 'भाडं वाढवून देणार नाही' यातला 'नाही' हरवला, तर वाचणाऱ्या कर्णबधिर भाडेकरूने सही कशावर करायची?

'पण नव्वद टक्के तर अचूक असतं!' असेलही. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर दर मिनिटाला दहा-बारा शब्द चुकीचे. शिवाय अचूकता मोजण्याच्या रूढ पद्धतीत सगळे शब्द सारख्याच वजनाचे. 'बरं का' गळलं तरी एक चूक, 'नाही' गळला तरी एकच.

यावर काही जण अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरकडे बोट दाखवतात. तो तरी मराठी कुठे धड वाचतो? घोगरा, यांत्रिक आवाज, भलतेच हेल! हे मला मान्य आहे, पण हा दोष निराळ्या जातीचा. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकचा आवाज कानाला टोचतो, पण लिहिलेलं बदलत नाही. कधी तो मराठी परिपत्रकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा बडबडतो, तेव्हा गुन्हेगार बहुधा कृतिदेवसारखा जुना फॉन्ट असतो: कागदावर देवनागरी दिसते, आत रोमन अक्षरं दडलेली. युनिकोडमध्ये टंकलं की ती बडबड थांबते. खडबडीत पण प्रामाणिक वाचक मला गुळगुळीत थापाड्यापेक्षा केव्हाही चालेल.

कॅप्शन आणि स्क्रीन रीडर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यापाशी. आमच्या शेजारच्या माझगावात एकोणिसाव्या शतकापासून कर्णबधिरांची शाळा आहे. कर्णबधिर-अंध मुलांसाठी हेलन केलर संस्था 1977 मध्ये मुंबईतच सुरू झाली. ब्रेल येणारा कर्णबधिर-अंध वाचक स्क्रीन रीडरला ब्रेल डिस्प्ले जोडून बोटांनी वाचतो. व्हिडिओच्या चित्रातच कोरलेली कॅप्शन त्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचतो तो स्वतंत्र मजकूर. आणि तोच जर यंत्राने न तपासता रचलेला असेल, तर पडताळायला ना कान, ना डोळे.

म्हणून यंत्र हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. कच्चा खर्डा त्याला करू द्यावा, त्याच्याइतक्या झपाट्याने तो आपल्याला जमणार नाही. पण प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या माणसाने तो ध्वनिफितीशी ताडून पाहावा, कोण बोलतंय ते लिहावं, विरामचिन्हं घालावीत, आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये व्हिडिओखाली द्यावा. एवढा वेळ कोणाकडे आहे, असं विचारणाऱ्या मंडळांनी आपली स्मरणिका आठवावी. देणगीदाराच्या आडनावातली वेलांटी चुकू नये म्हणून तिची मुद्रितं तीन-तीनदा तपासली जातात.

आणि ही मेहेरबानीही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शनचा उल्लेख आहे. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. आमच्या चाळीच्या सभेला हे कलम लागू होतं की नाही, याचा कीस वकिलांनी पाडावा. समितीने तोवर पुढच्या सभेच्या व्हिडिओत निदान आकडे, तारखा आणि प्रत्येक 'नाही' तरी तपासून घ्यावा, आणि तपासणाऱ्याचं नाव खाली लिहावं.