घेण्याचे माप, देण्याचे माप

९ सप्टेंबर २००४ रोजी कॅनडातील तीन विरोधी पक्षांच्या नेत्यांनी गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन यांना एक संयुक्त पत्र लिहिले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे स्टीफन हार्पर, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे जॅक लेटन आणि क्वेबेक प्रांताच्या सार्वभौमत्वाचा पुरस्कार करणाऱ्या ब्लॉक केबेक्वा पक्षाचे जिल ड्युसेप यांच्या त्यावर स्वाक्षऱ्या होत्या. पंतप्रधान पॉल मार्टिन यांचे लिबरल सरकार अल्पमतात आहे. त्यांनी सभागृह विसर्जित करण्याची विनंती केली, तर ती लगेच मान्य न करता विरोधी नेत्यांशी विचारविनिमय करावा आणि घटनेने दिलेले सर्व पर्याय तपासावेत, असा त्या पत्राचा आशय होता.

चार वर्षांनी स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक जण पंतप्रधान झाला होता आणि त्याचेही सरकार अल्पमतात होते. १ डिसेंबर २००८ रोजी लिबरल नेते स्टेफान डियों आणि जॅक लेटन यांनी आघाडी सरकारचा करार केला. ड्युसेप यांनी अठरा महिने बाहेरून पाठिंबा देण्याचे लेखी कबूल केले. तेव्हा हार्पर यांनी देशाला सांगितले, की फुटीरतावाद्यांच्या आधाराने आणि निवडणूक न होता सत्ता घेणे हा जनतेच्या कौलाचा अवमान आहे. विरोधकांनी २००४ चे पत्र बाहेर काढून दाखवले. त्यावर हार्पर यांच्या समर्थकांचे उत्तर असे होते, की त्या पत्रात आघाडीचा शब्दही नव्हता, केवळ परस्पर सहकार्याची तयारी होती. उत्तर अगदी निराधार नव्हते. परंतु डियों यांचेही हात पूर्ण स्वच्छ नव्हते. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात त्यांनी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाशी आघाडी करण्यास नकार दिला होता. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांनी तिच्यावर सही केली.

व्यापारी घराण्यांत एक गोष्ट लहानपणीच शिकवली जाते. माल घेताना जे माप वापरावे, तेच देताना वापरावे. दोन मापे ठेवणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक काही काळ फसते, पण बाजारातील पत एकदा गेली की ती परत येत नाही. गेल्या वीस वर्षांतील कॅनडाच्या केंद्रीय राजकारणाकडे या दृष्टीने पाहिले, तर तेथील नैतिकतेच्या वादांचे मर्म सहज ध्यानात येते. तेथे नियमांची वाण नाही. वाण आहे ती एकाच मापाची.

प्रथम तेथील व्यवस्थेची रीत समजून घ्यावी लागते. कॅनडाने आपल्यासारखीच ब्रिटिश संसदीय पद्धत स्वीकारली आहे. मतदार पंतप्रधान निवडत नाहीत. ते हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य निवडतात, आणि ज्याच्यावर त्या सभागृहाचा विश्वास असेल तो सरकार चालवतो. २००८ मध्ये सभागृहात ३०८ जागा होत्या. बहुमतासाठी १५५ हव्या होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १४३, लिबरल पक्षाला ७७, ब्लॉकला ४९ आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ३७ मिळाल्या. लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक यांची बेरीज ११४ होते, म्हणजे सत्ताधाऱ्यांहून कमीच. ब्लॉक मिळवल्यास १६३. हा हिशेब घटनेत बसणारा होता. तो शहाणपणाचा होता का, हा निराळा प्रश्न. पण एका बाजूने त्याला लोकशाहीची विटंबना म्हटले आणि दुसऱ्या बाजूने लोकशाहीचा विजय, आणि हे दोन्ही शब्द उच्चारणाऱ्यांच्या जागा चार वर्षांपूर्वी उलट होत्या.

पक्षांतराची कथाही अशीच आहे. मे २००५ मध्ये मार्टिन सरकार पडण्याच्या बेतात होते. क्वेबेकमधील १९९५ च्या सार्वमतात देश जेमतेम एकसंध राहिला होता. त्यानंतर त्या प्रांतात केंद्र सरकारची प्रतिमा उजळण्यासाठी प्रायोजकत्वाची एक योजना राबवली गेली. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांच्या फेब्रुवारी २००४ च्या अहवालातून उघड झाले, की सुमारे २५ कोटी डॉलरच्या खर्चापैकी १० कोटींहून अधिक रक्कम जाहिरात संस्थांच्या शुल्कात आणि दलालीत गेली होती. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जॉन गोमेरी यांचा आयोग बसला. रोज नवी साक्ष, रोज नवा गौप्यस्फोट, अशा वातावरणात १७ मे रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार बेलिंडा स्ट्रोनाक लिबरल पक्षात गेल्या आणि त्याच दिवशी मंत्री झाल्या. लिबरलांनी त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने विश्वासघाताचा टाहो फोडला.

नऊ महिनेही झाले नव्हते. २३ जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हार्पर स्वच्छ कारभाराच्या आश्वासनावर निवडून आले. ६ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, तेव्हा व्यापारमंत्री म्हणून डेव्हिड इमर्सन उभे राहिले. दोनच आठवड्यांपूर्वी व्हँकुव्हरच्या मतदारांनी त्यांना लिबरल म्हणून निवडून दिले होते. या वेळी टाहो फोडण्याची पाळी लिबरलांची होती आणि गुणवत्तेची महती सांगण्याची पाळी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची. ज्या सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रायोजकत्वाचा घोटाळा झाला होता, ते खाते हार्पर यांनी मायकेल फोर्टिए यांना दिले. हे गृहस्थ निवडून आलेलेच नव्हते. त्यांना सिनेटमध्ये नेमण्यात आले, आणि त्यामुळे कॉमन्समध्ये त्यांना थेट प्रश्न विचारण्याची सोयही राहिली नाही. निवडून आलेली सिनेट हवी, असा आग्रह हार्पर यांचाच होता.

भारतात १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. कॅनडात तसा केंद्रीय कायदा नाही. पक्ष बदलणाऱ्याने पुन्हा मतदारांपुढे जावे, ही मागणी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही वेळा केली, आणि ती करताना कोणाचा लाभ होतो हे पाहिले नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. अर्थात कायदा आला म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही, याची साक्ष महाराष्ट्रातील वाचकांना दूरदेशी शोधावी लागणार नाही.

कायदे मात्र कॅनडाने केले. डिसेंबर २००६ मध्ये उत्तरदायित्वाचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्यातूनच हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचा कायदा आला. तो जुलै २००७ मध्ये अमलात आला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्यात आले. हा कायदा आणणारा पक्षही पुढे कचाट्यात सापडलाच. २००६ च्या निवडणूक खर्चाच्या प्रकरणात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०११ मध्ये न्यायालयात दोष कबूल केला आणि ५२,००० डॉलर दंड भरला. पुढे लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्यावर आयुक्तांनी दोनदा नियमभंगाचा ठपका ठेवला. २०१७ च्या डिसेंबरमधील ठपका आगाखान यांच्या खासगी बेटावरील सुटीबद्दल होता. २०१९ च्या ऑगस्टमधील, एका बांधकाम कंपनीवरील फौजदारी खटल्याच्या संदर्भात आपल्याच न्यायमंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्यावर आणलेल्या दबावाबद्दल. दुसऱ्या ठपक्याच्या आधीच, एप्रिलमध्ये, त्या बाईंना पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले होते.

आणि शिक्षा? या कायद्याखाली आयुक्त जो दंड करू शकतात, त्याची कमाल मर्यादा ५०० डॉलर आहे, आणि तोही मुख्यतः माहिती वेळेवर जाहीर न केल्याबद्दल. मूळ नियमभंगाला दंडच नाही. अर्थमंत्री बिल मॉर्नो यांनी फ्रान्समधील आपल्या बंगल्याची मालकी असलेल्या कंपनीची माहिती दिली नव्हती, त्याबद्दल त्यांना २०० डॉलर भरावे लागले. एखाद्या पेढीवर मुनिमाच्या चुकीचा दंड इतका असता, तर त्याला कोणी शिक्षा म्हटले नसते. पण कायदा करणाऱ्यांची समजूत अशी होती, की नाव जाहीर होणे हीच खरी शिक्षा. ही समजूत चुकीची नाही. मात्र ती एका अटीवर उभी आहे. ज्यांचा माणूस दोषी ठरला, त्याच पक्षाच्या लोकांना त्याची लाज वाटली पाहिजे. विरोधकांनी निषेध केल्याने कोणाची मान खाली जात नाही. ते तर त्यांचे नित्याचेच काम. मान खाली जाते ती घरच्या माणसाने डोळे फिरवल्यावर. आपल्या नेत्याच्या प्रत्येक चुकीला समर्थकांनी ‘त्यांनी नाही का केले?’ असे उत्तर शोधले, की पाचशे डॉलरचा कायदा खरोखरच पाचशे डॉलरचा उरतो.

सर्वांत महाग पडलेले उदाहरण सत्रसमाप्तीचे आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये अविश्वासाचा ठराव समोर दिसताच हार्पर ४ तारखेला गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांच्याकडे गेले. दोन तासांहून अधिक चर्चेनंतर जाँ यांनी संसदेचे सत्र संपवण्यास संमती दिली आणि सभागृह थेट २६ जानेवारीला भरले. तोवर लिबरलांनी डियों यांच्या जागी मायकेल इग्नॅटिएफ यांना आणले होते. आघाडी विरून गेली. वर्षभराने, अफगाणिस्तानातील कैद्यांविषयीची कागदपत्रे संसद मागत असताना, हार्पर यांनी हाच उपाय पुन्हा योजला. लिबरलांनी तेव्हा संसदेला कुलूप लावल्याचा आरोप केला, आणि २०१५ च्या निवडणुकीत वचन दिले, की अडचणीतून सुटण्यासाठी आम्ही सत्रसमाप्ती करणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एका धर्मादाय संस्थेला दिलेल्या सरकारी कामाची चौकशी संसदीय समित्यांपुढे चालू होती. ट्रुडो यांनी सत्र संपवले, आणि समित्यांचे काम थांबले. आता निषेध करणारे कॉन्झर्व्हेटिव्ह होते. त्यांनी वापरलेले शब्द जुनेच होते. ते दहा वर्षांपूर्वी लिबरलांकडून ऐकले होते.

यात नुकसान कोणाचे झाले? पक्षांचे नव्हे, त्यांची फिटंफाट झाली. नुकसान झाले संसदेचे. एका पक्षाने पाडलेली वाट दुसऱ्याने रुंद केली, आणि कधीतरी अपवादाने वापरायचे हत्यार नेहमीच्या वापरातले झाले. मार्च २०२२ मध्ये लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक यांनी लेखी समझोता केला, तेव्हा त्यात दंतचिकित्सेच्या सार्वजनिक योजनेसारख्या अटी उघडपणे मांडल्या होत्या. मंत्रिपदे नसल्याने ती आघाडी नव्हती; तरी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने तिला आघाडीच म्हटले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक नेते जगमीत सिंग यांनी तो समझोता मोडला. समझोत्याच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. पण अटी कागदावर होत्या आणि कोणालाही वाचता येत होत्या, ही गोष्ट भागीदारीचा करार जाणणाऱ्यांना महत्त्वाची वाटावी.

या सगळ्या गदारोळात एका माणसाची आठवण कॅनडात आजही आदराने काढली जाते. चक कॅडमन हे ब्रिटिश कोलंबियातील सरे नॉर्थचे खासदार. किशोरवयीन मुलाचा खून झाल्यानंतर ते सार्वजनिक जीवनात आले. २००४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारी हुकली, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. १९ मे २००५ रोजी सरकारचे भवितव्य ठरवणारे मतदान होते, आणि कॅडमन कर्करोगाने खंगले होते. सत्ताधारी लिबरलांशी त्यांचे फारसे जुळत नव्हते. जुना पक्ष सरकार पाडायला निघाला होता. त्यांनी आपल्या मतदारसंघातील लोकांना विचारले. लोकांना इतक्या लवकर पुन्हा निवडणूक नको होती. ते व्हँकुव्हरच्या बाजूहून देश ओलांडून ओटावाला गेले आणि सरकारच्या बाजूने उभे राहिले. १५२ विरुद्ध १५२ अशी बरोबरी झाली; सभापती पीटर मिलिकन यांच्या निर्णायक मताने सरकार तरले. ९ जुलैला कॅडमन यांचे निधन झाले.

त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही दोन मते असतील. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, ते सरकार पडलेच. परंतु उद्या सरकार दुसऱ्या पक्षाचे असते, तरी कॅडमन यांनी आधी मतदारसंघात जाऊन हाच प्रश्न विचारला असता, याविषयी त्यांच्या विरोधकांनीही शंका घेतली नाही.

राजकारणावरील चर्चा आता प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात होते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांशी बोलतानाही होते. तेव्हा एक साधी रीत पाळता येईल. प्रसंग सांगताना पक्षाचे आणि नेत्याचे नाव क्षणभर झाकावे: कोणी पक्ष बदलला, कोणी सत्र संपवले, कोणी मित्राचे आतिथ्य घेतले, एवढेच समोर ठेवावे आणि मत बनवावे. मग नाव उघडावे. मत तेच राहिले, तर आपले माप खरे आहे. बदलले, तर दोष मापात आहे, आणि तो दुसऱ्या कोणाला दाखवता येणार नाही.