आम्लपित्त आणि संगणकशास्त्र

परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की, ॲसिड म्हणजे काय हे बाबांना कळणं शक्य नाही. वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ॲसिड कळत नाही! माझ्या एका खिशात पेन आणि दुसऱ्यात आम्लपित्ताच्या गोळ्या असतात आणि मार्चअखेरीला पेनाआधी गोळ्या संपतात. पण चिरंजीव कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांचं ॲसिड वेगळं. हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी १९८३ साली चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून ते तयार केलं. "तुम्ही बी.कॉम. ना," चिरंजीव म्हणाले, "ही थिअरी आहे."

मी पानावरून उठलो नाही (मटकीची उसळ होती), पण हात धुतल्याबरोबर त्याचं पुस्तक मागून घेतलं. त्यातले चार नियम असे. व्यवहार होईल तर पुरता होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. नावे टाकलं आणि जमा करायच्या आत चहा आला, हे चालणार नाही. व्यवहारानंतर हिशेब नियमात बसलाच पाहिजे. एकाचा व्यवहार चालू असताना दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. आणि एकदा झालेली नोंद वीज गेली तरी पुसली जाणार नाही.

मी पुस्तक मिटलं. अहो, हे तर मला आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, आणि तेही सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात! मी लागलो तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. साहेब नोंद करताना लेजरवर डावं कोपर असं काही रोवून बसत, की शाई वाळेपर्यंत मॅनेजरचीही पान उलटायची हिंमत नसे. १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत याच कोपराला 'लॉक' असं नाव मिळालं आणि त्यावर निबंध निघाले. साहेबांना मात्र शेवटपर्यंत स्पाँडिलायटिसच मिळाला.

माझं भांडण इथेच आहे. कारकून म्हणजे संगणकाच्या वाटेतला धोंडा, अशी आमची ख्याती. आमच्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले, हे मी नाकारत नाही. १९८३ साली संघटनांशी करार झाला, तेव्हा कुठे बँकांच्या दारात यंत्रं येण्याची वाट मोकळी झाली. पण त्याच साली तिकडे जर्मन मंडळी ज्या ॲसिडचं बारसं करत होती, ते मूल आमच्या घरचं होतं, हे कोण सांगणार?

एकाने सांगितलं होतं, म्हणून त्याचं नाव घेतो. जिम ग्रे. अमेरिकेत टँडम कंपनीत असताना १९८१च्या एका निबंधात त्याने कबूल केलं की, जुने हिशेबनीस वहीत कधी खाडाखोड करत नसत. चूक झाली तर ती तशीच ठेवून तिची भरपाई करणारी नवी नोंद घालत. आणि आपण संगणकवाले जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहितो, ते विषारी सफरचंद तर नव्हे, अशी शंकाही काढली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हे न लिहिणाऱ्याला शून्य मार्क पडतात. पण ग्रेला १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच मिळाला. आमचं तत्त्व हजारो लोक एकाच वेळी वापरत असताना, मधेच यंत्र बंद पडलं तरी टिकवायचं, हे कोपराचं काम नव्हे. २००७च्या जानेवारीत तो एकटाच होडी घेऊन समुद्रात गेला आणि परतला नाही. नोंदी हरवू नयेत म्हणून जन्म वेचलेल्या माणसाचा मागही लागला नाही.

त्याच्याच पुढाकाराने १९८५ साली, लेखकाच्या जागी 'अनामिक आणि इतर' असं लिहून, एक परीक्षा छापून आली. व्यवहार उरकणाऱ्या संगणकांत भारी कोण, हे ठरवायचं होतं. त्यांना काम काय दिलं? ग्रहताऱ्यांचं गणित? छे. खातेदाराची, टेलरची आणि शाखेची शिल्लक बदला आणि वहीत एक ओळ लिहा. म्हणजे माझं काम! परीक्षेचं नावच 'डेबिट-क्रेडिट'. त्या कल्पनेतल्या बँकेला १,००० शाखा, १०,००० टेलर आणि १ कोटी खाती, आणि दर टेलरमागे १०० सेकंदांत एक व्यवहार. तिथे कोणी सुटे मागत नाही, कोणाची सही चुकत नाही आणि काउंटरवरचं पेन कोणी खिशात घालून नेत नाही. असल्या बँकेत मी बिनपगारी राहिलो असतो.

एवढं सगळं आमचं नेलं, पण एक गोष्ट मागे राहिली. आमच्या लेजरात प्रत्येक नोंदीशेजारी कोणाची तरी बारीक सही असे. पुस्तकातल्या चार नियमांत पाचवा म्हणून ती नाही. आत कुठेतरी युजर आयडी असतो म्हणतात. काउंटरपलीकडच्या आजोबांना तो दिसतो का? त्यांच्या पेन्शनमधून एकच हप्ता दोनदा कापला जातो आणि आम्ही सांगतो, "सिस्टीमनं कापला, आजोबा." मीही सांगितलंय. पूर्वी ते माझी सही शोधून माझ्याशी भांडायला यायचे. आता सिस्टीमशी कुठे भांडणार? तिची ना बदली होते, ना खातेनिहाय चौकशी.

हे सगळं मी चिरंजीवांना साधारण पाऊण तास ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण उद्या जर्नल द्यायचं होतं आणि ते लिहीत बसले होते.

"बाबा, व्हाइटनर आहे का घरी? एक ओळ चुकली."

"व्हाइटनर कशाला? एक रेघ मार, खाली बरोबर लिही आणि बाजूला सही कर."

"सर मार्क कापतात," तो म्हणाला.