ज्ञान आहे, पण कागद नाही!

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा. यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, मोटारसायकल आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचे दुकान सापडेल. गल्ल्यावर मालक बसलेला असतो. काउंटरवर मात्र आपल्याच वस्तीतला एखादा तरुण उभा असतो. मिस्त्री तुटलेला तुकडा हातावर ठेवतो आणि हा तरुण तो उलटासुलटा करून गाडी कोणती, मॉडेल कोणते, माल कोणत्या फळीवर आहे ते सांगतो. दहा-दहा वर्षे हे काम केलेल्या माणसाला दुकानात काय म्हणतात? 'पोऱ्या'! आमचा आक्षेप नेमका या शब्दाला आहे.

कारण हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही, पगाराचा आहे. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीने ठरतात. ज्याच्याकडे कौशल्याचा पुरावा नाही, त्याला अकुशल दाखवणे मालकाला सोपे जाते. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. बाबासाहेबांनी दार उघडून दिले, पण त्या दारातून आत जायला जो कागद लागतो तो आमच्या पोरांच्या खिशात नाही.

'काउंटरवरच्या कामात कसले आले कौशल्य? माल काढायचा आणि द्यायचा!' असे म्हणणारे भेटतात. त्यांनी एक दिवस त्या काउंटरवर उभे राहून पाहावे. गाडीचा चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तो नंबर वाचता आला तरच योग्य कॅटलॉग उघडतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. गाडीचे नाव तेच राहिले, पार्ट बदलले. नावावरून माल देणारा इथे फसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे जुन्या साठ्याचा हिशेब आला. ओरिजिनल कोणता, लोकल कोणता, डुप्लिकेट कोणता, ही पारख तर रोजचीच. चुकीचा ब्रेक शू दिला गेला तर तो चार पैशांचा तोटा नसतो, घाटात कुणाचा तरी जीव जातो. एवढी जबाबदारी ज्याच्या हातात आहे तो अकुशल कसा?

अमेरिकेत याच कामाची परीक्षा आहे. तिथे १९७२ साली वाहनदुरुस्ती क्षेत्रासाठी प्रमाणपत्र देणारी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती मिस्त्रींप्रमाणेच पार्टच्या काउंटरवर काम करणाऱ्यांचीही परीक्षा घेते. वाहनाच्या यंत्रणेची माहिती, गाडीची ओळख, कॅटलॉग वाचन, साठ्याचा हिशेब, ग्राहकाशी बोलणे असे तिचे विषय आहेत. नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही, दोन वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तयारी करावी लागते, कारण गाड्या बदलतात. तिथे कुणी विचारत नाही की तुझा बाप काय करत होता. तुला येते काय, एवढेच विचारतात.

आपल्या देशातही व्यवस्था कागदावर उभी आहे. वाहन क्षेत्रासाठी २०११ पासून कौशल्य विकास परिषद आहे. सुट्या भागांच्या कामासाठीही तिने पात्रतेचे निकष ठरवले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानाला मान्यता' अशी तरतूद आहे. म्हणजे शाळा सुटली तरी हरकत नाही, काम करता करता जे शिकलात त्याची चाचणी द्या आणि प्रमाणपत्र घ्या. ही तरतूद जणू आमच्याच पोरांसाठी लिहिली आहे! मग वाशिमच्या काउंटरवरच्या किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे? जाहिरात शहरात आणि अर्ज संगणकावर, मग कळणार कसे?

या संदर्भात एक जुना दस्तऐवज कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी मागितले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा महामानव छापखान्यातल्या उमेदवारीला कमी लेखत नव्हता. मग आपण का लेखावे? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्याच वस्तीतला जो मुलगा ग्रीसचे हात धुऊन रात्री घरी येतो, त्याच्या परीक्षेची तयारी करून घेणे हेही चळवळीचेच काम नाही काय?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आहे, राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त. २०१८ साली केंद्राने या जिल्ह्याला 'आकांक्षित' ठरवले. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. रस्त्यावरून गाड्या धावतात, तिथे गाड्या बिघडतात, आणि तिथेच रोजगार तयार होतो. तो रोजगार वाशिमच्या पोराला मिळणार, की प्रमाणपत्र घेऊन बाहेरून आलेल्याला?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाचणी मराठीतून व्हावी. केंद्र जिल्ह्यातच असावे, कारण अकोल्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या इमारती संध्याकाळी या तरुणांसाठी उघडाव्यात. आणि प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला कुशल कामगाराचे वेतन मिळते की नाही, हे कामगार खात्याने दुकानात जाऊन तपासावे.

पण मागण्या करून हातावर हात धरून बसणे हा आंबेडकरी बाणा नव्हे. विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरवता येतो. जुने कॅटलॉग, भंगारातला एक गिअरबॉक्स, चार निवृत्त मिस्त्री आणि एसटीच्या आगारातला एखादा अनुभवी कर्मचारी एवढ्यावर शाळा उभी राहते. ज्याला काम येते पण लिहिता येत नाही, त्याला शिकलेल्याने अर्ज भरून द्यावा. मुलींनाही बोलवावे. कॅटलॉग वाचायला मनगटाची ताकद लागत नाही.

कागदाने सारे साधेल, असा आमचा भ्रम नाही. दुकान टाकायला भांडवल लागते आणि घाऊक व्यापाऱ्याची उधारी नात्यागोत्यावर मिळते, गुणांवर नव्हे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीजभांडवलाची फाईल बँकेच्या टेबलावर का अडते, हा पुढचा लढा आहे. पण बँकेच्या टेबलापुढे 'पोऱ्या' म्हणून जाणे वेगळे आणि प्रमाणित कारागीर म्हणून जाणे वेगळे.

आमच्या पूर्वजांकडेही ज्ञान होते. चामड्याचे होते, दोरखंडाचे होते, गावच्या शिवेच्या खाणाखुणांचे होते. त्या ज्ञानाला व्यवस्थेने किंमत दिली नाही, उलट विटाळ चिकटवला. नव्या यंत्रयुगातही ज्ञान आमचे आणि किंमत दुसऱ्याची, असेच चालू द्यायचे काय? काउंटरवरच्या भावांनो, तुम्हाला जे येते ते सिद्ध करा, त्याचा कागद मिळवा, आणि त्या कागदाचा पगार मागा!