बेवारस म्हणजे संमती नव्हे

डॉक्टर होण्यासाठी निघालेल्या आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनिया राज्याने शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी मृतदेह पुरवण्याचा नवा कायदा केला. त्याची पार्श्वभूमी लाजिरवाणी होती. डिसेंबर १८८२मध्ये फिलाडेल्फियातल्या लेबनन या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून उकरलेली प्रेतं जेफर्सन मेडिकल कॉलेजला जात असल्याचं एका वृत्तपत्राने उघड केलं. तिथले शरीररचनेची प्रात्यक्षिकं शिकवणारे विल्यम फोर्ब्स यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. पुढे चोरीवर उपाय ठरला तो असा : सरकारी खर्चाने ज्यांना पुरावं लागलं असतं, ती बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना वाटून द्यायची. चोरांची गरज उरली नाही, पण टेबलावरचा देह गरिबाचाच राहिला.

फिलाडेल्फियातल्याच विमेन्स मेडिकल कॉलेजमधून आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याची गोष्ट आपण सांगतो, सांगायलाच हवी. पण ती सगळी पिढी ज्यांच्या देहांवर स्नायू आणि रक्तवाहिन्या शिकली, त्यांना जिवंतपणी कुणी विचारलं नव्हतं, हेही त्या गोष्टीतच येतं.

तरीही वैद्यकीय शिक्षणात मृतदेहाच्या विच्छेदनाला पर्याय नाही, असंच आम्ही मानतो. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. प्रत्यक्षात तिन्ही चरबीत दडलेले, फिक्या रंगाचे, बोटांनी चाचपून ओळखायचे. धमनीच्या शाखाही प्रत्येकात एकाच जागी फुटत नाहीत. हे पडद्यावर पुरतं शिकता येत नाही. म्हणूनच देह कुठून आला, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

अमेरिकेत १९६८च्या देहदानाच्या आदर्श कायद्याने माणसाच्या स्वतःच्या इच्छेला मान दिला आणि आज तिथे बहुतेक देह दानातूनच येतात. न्यूयॉर्क राज्याने २०१६मध्ये बेवारस देह संमतीविना वापरण्यास मनाई केली. तरी टेक्सासमध्ये असे देह नातेवाइकांना पत्ता नसताना कापले गेले, भाड्यानेही दिले गेले, हे २०२४मध्ये बाहेर आलं. महाराष्ट्राचा १९४९चा कायदाही बेवारस देह विच्छेदनाला देऊ देतो. तो बदलायला हवा. मृताची किंवा त्याच्या माणसांची संमती नसेल, तर तो देह विच्छेदनाला घेऊ नये. मागे रडायला कुणी नाही म्हणून माणसाचा स्वतःच्या देहावरचा हक्क संपत नाही.

नियम असा कडक करायचा, तर स्वखुशीने देणारे वाढायला हवेत. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं : वाहन परवान्यावरची दात्याची खूण प्रामुख्याने अवयवदानासाठी असते. संपूर्ण देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचा वेगळा अर्ज सहसा जिवंतपणीच भरावा लागतो. तो भरा, आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा.